पहिला गेटपास
नाशिकमधून वीज आणि खाण क्षेत्रातलं पहिलं काम मिळवण्याची कृती

आमच्या नाशिकरोडच्या गच्चीवर उभं राहिलं की पूर्वेला एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात. शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर आयटीआयची मुलं-मुली कागद घेऊन येतात. कुणी पेठ-सुरगाण्याकडून येतं, कुणी सिन्नरहून, तर कुणी इथल्याच जेलरोडवरून. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: "काका, एमएसईबीत चिकटायचं कसं?"

हा प्रश्न मला हलका वाटत नाही. घरात पहिल्यांदाच कुणाच्या तरी हाती दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार पडणार असतो, आणि त्यावर धाकट्या बहिणीचं शिक्षण, घरावरचे पत्रे, विहिरीचं कर्ज असं सगळं अवलंबून असतं. म्हणून ओट्यावर जे तुकड्यातुकड्यांनी सांगतो, ते इथे क्रमाने लिहितो आहे. पायऱ्या याच क्रमाने चढा. मधली पायरी गाळलेली मुलं दोन-दोन वर्षं मागे पडलेली मी पाहिली आहेत.

लागणारा वेळ: दहावीनंतर साधारण तीन ते चार वर्षं. त्यातली दोन आयटीआयची, एक शिकाऊ उमेदवारीचं आणि उरलेला काळ परीक्षा व निवडीचा.

लागणारं साहित्य: एक प्लास्टिकची फाइल, चालू असलेला आणि पुढेही बदलणार नाही असा एक मोबाइल नंबर, एक ईमेल, स्वतःच्या नावाचं आधारशी जोडलेलं बँक खातं.

लागणारा खर्च: फी, अर्जाचं शुल्क, झेरॉक्स आणि एसटीचं भाडं. याखेरीज कुणी एक रुपयाही मागितला तर तिथेच उठून यायचं.

पायरी १ : साखळीतली आपली कडी ओळखा

चंद्रपूर-यवतमाळच्या बाजूला खाणीतून निघालेला कोळसा रेल्वेच्या वाघिणींतून एकलहऱ्याला येतो. तिथे महानिर्मितीचे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत; ते १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. त्याआधीचे १४० मेगावॅटचे दोन जुने संच आता कायमचे बंद झाले आहेत. एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर तीन हजार टनांहून जास्त कोळसा खातो, म्हणजे जवळजवळ एक अख्खी मालगाडी. तो कोळसा उतरवायचा, फोडायचा, पट्ट्यावरून बॉयलरपर्यंत न्यायचा आणि मागे उरलेली राख काढायची, या प्रत्येक कामाला माणसं लागतात.

तयार झालेली वीज महापारेषणच्या उंच मनोऱ्यांवरून मोठ्या उपकेंद्रांत जाते. तिथून ती महावितरणच्या फीडरवर येते, फीडरवरून गल्लीतल्या डीपीवर (म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर) आणि डीपीवरून घरच्या मीटरवर. वाटेत दोष आला तर वीज तोडणारे ब्रेकर, पॅनेल आणि स्विचगिअर हे सगळं बनवणारे मोठे कारखाने आपल्याच सातपूर-अंबडला आहेत: एबीबी, सीजी पॉवर, श्नायडर. त्यांना माल पुरवणारी छोटी पॅनेलची वर्कशॉप्सही तिथेच गाळ्यागाळ्यांत आहेत. इगतपुरीकडे वैतरणेचं जलविद्युत केंद्र आहे. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे डेपो आहेत, आणि शहरात घरगुती गॅसची पाइपलाइन घरोघर पोचते आहे.

या साखळीत नवख्या माणसासाठी प्रत्येक कडीला एक दार आहे. वीजकेंद्रात तंत्रज्ञ किंवा मदतनीस, वितरणात विद्युत सहाय्यक, कारखान्यात पॅनेल वायरमन किंवा असेंब्ली ऑपरेटर, सौर कामात इन्स्टॉलर, गॅसच्या कामात पाइप फिटर आणि वेल्डर, खाणीत शिकाऊ उमेदवार किंवा डंपर ऑपरेटर. एका कागदावर ही दारं लिहा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. उंचीवर चढायची तयारी आहे का? रात्रपाळी घरच्यांना चालेल का? जिल्ह्याबाहेर राहता येईल का? उंचीची भीती असेल तर खांबाच्या मागे लागू नका, पॅनेलच्या कामाकडे वळा. यात कमीपणा काहीच नाही. फेरूल घालून, लग नीट क्रिंप करून एकसारखी वायर ओढणाऱ्या हाताला अंबडमध्ये किंमत आहे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करून घ्या. सगळे म्हणतात ती एमएसईबी, म्हणजे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, आता नोकरभरती करत नाही. ६ जून २००५ पासून मंडळाची कामं तीन कंपन्यांकडे गेली: वीज बनवणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण आणि घराघरांत पोचवणारी महावितरण. तिघींची संकेतस्थळं वेगळी, जाहिराती वेगळ्या, पदांची नावंही वेगळी. एकीच्याच जाहिरातीची वाट बघत बसलेल्या मुलाच्या हातून दुसरीची शेवटची तारीख निघून जाते.

पायरी २ : ट्रेड नीट निवडा

दहावीचा निकाल लागला की व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर आयटीआयचे प्रवेश सुरू होतात. नाशिकची मोठी सरकारी आयटीआय सातपूरला त्र्यंबक रोडवर आहे, आणि तालुक्यातालुक्यांतही संस्था आहेत. फॉर्म भरताना ट्रेडची मराठी नावं पाठ असू द्या, कारण जाहिरातीत तीच येतात: इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री, वायरमन म्हणजे तारतंत्री, फिटर म्हणजे जोडारी आणि वेल्डर म्हणजे संधाता.

वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही दोन वर्षांचे ट्रेड आहेत आणि महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाला हेच दोन चालतात. जोडाऱ्याची दोन वर्षं आणि संधात्याचं एक वर्ष वीजकेंद्राच्या दिशेने जातं. तिथे पंप, झडपा, कोळशाचे पट्टे, बॉयलरच्या नळ्या यांचं काम कधी संपत नाही, आणि महानिर्मितीच्या तंत्रज्ञ-३ या पदासाठी वीजतंत्र्याबरोबर इतरही अनेक ट्रेड घेतले जातात. सोलर टेक्निशियन हा एका वर्षाचा नवा ट्रेड सौर कंपन्यांसाठी चांगला आहे, मात्र तेवढ्यावर विद्युत सहाय्यकाचा अर्ज भरता येत नाही. ही गोष्ट प्रवेश घेण्याआधी माहीत असावी. पास झाल्यावर कळली तर वर्ष गेलेलं असतं.

मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना वेगळं सांगतो. या भरतीत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. महावितरणमध्ये जनमित्र म्हणून खांबावर चढणाऱ्या, डीपीचे फ्यूज बदलणाऱ्या मुली आज महाराष्ट्रभर काम करत आहेत. वीजतंत्रीच्या वर्गात मुली कमी असतात म्हणून पाऊल मागे घेऊ नका.

आयटीआयच्या दोन वर्षांत एक सवय लावून घ्या. प्रात्यक्षिकाच्या वहीत आकृती स्वतःच्या हाताने काढा. स्टार-डेल्टा स्टार्टरची आकृती पाच वेळा हाताने काढलेला मुलगा मुलाखतीत अडत नाही. दुसऱ्याच्या वहीवरून उतरवलेली आकृती पहिल्याच उलट प्रश्नाला उघडी पडते.

पायरी ३ : फाइल तयार ठेवा

परीक्षेत उत्तम गुण मिळवून कागदपत्रांच्या पडताळणीत बाद झालेली मुलं मी पाहिली आहेत. ते दुःख फार मोठं असतं, आणि पूर्ण टाळता येण्यासारखं असतं. फाइलमध्ये या क्रमाने कागद लावा:

१. दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र
२. शाळा सोडल्याचा दाखला
३. आयटीआयच्या सर्व गुणपत्रिका आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र
४. अधिवास प्रमाणपत्र
५. लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला
६. आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान
७. पासपोर्ट आकाराचे दहा फोटो, सगळे एकाच वेळी काढलेले

यातले दोन कागद सर्वांत जास्त रडवतात. पहिला जात वैधतेचा. तो आठवड्यात मिळत नाही. जुन्या नोंदी, आजोबा-पणजोबांचे दाखले शोधावे लागतात. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबककडच्या आदिवासी मुलांनी तर आयटीआयच्या पहिल्याच वर्षी हे प्रकरण दाखल करावं. दुसरा नॉन-क्रीमिलेअरचा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. जाहिरातीत ज्या तारखेला वैध हवा असं लिहिलं असेल, त्या तारखेशी दाखला जुळवून बघा.

आता नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब', बँकेत आडनाव आधी आणि जातीच्या दाखल्यावर आडनावाची वेलांटी वेगळी. घरात याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण संगणकाला ती चार वेगळी माणसं वाटतात. एका संध्याकाळी सगळे कागद जमिनीवर मांडा आणि नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख बोट ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. दहावीचा कागद आधार धरा आणि बाकीचे त्याच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. सेतू केंद्रात एक-दोन फेऱ्या होतील. नोकरीच्या दारातून परत यावं लागण्यापेक्षा त्या कितीतरी सोप्या.

पायरी ४ : शिकाऊ उमेदवारी करा

माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, आणि हीच सर्वांत जास्त गाळली जाते. "काका, तिथे पैसे कमी मिळतात, त्यापेक्षा कंपनीत हेल्पर म्हणून जातो," असं मुलं म्हणतात. हिशेब एका महिन्याचा केला तर त्यांचं बरोबर आहे. दहा वर्षांचा केला तर चूक आहे.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आयटीआय झालेल्याला साधारण वर्षभर प्रत्यक्ष कामावर शिकायला मिळतं आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हाती येतं. पुढे कुठेही "अनुभव आहे का?" असं विचारलं तर हाच कागद बोलतो.

कृती अशी:

१. केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर आपली नोंदणी करा. पदविका किंवा पदवीधर असाल तर तुमच्यासाठी 'नॅट्स' हे वेगळं पोर्टल आहे.
२. नोंदणीत ट्रेडचं नाव, आयटीआयचे गुण आणि बँक खातं भरा. प्रमाणपत्रं स्पष्ट स्कॅन करून चढवा. सावलीत, तिरका काढलेला मोबाइलचा फोटो चालत नाही.
३. आस्थापना शोधताना नाशिक जिल्हा निवडा. एकलहऱ्याचं वीजकेंद्र, महावितरणची मंडळ कार्यालयं, महापारेषण आणि सातपूर-अंबडचे कारखाने असे सगळे पर्याय बघा. एकाच ठिकाणी अर्ज टाकून थांबू नका.
४. पोर्टलवर अर्ज केल्यावर जाहिरातीत सांगितलं असेल तर छापील प्रत आणि साक्षांकित कागद कार्यालयात नेऊन द्या. महावितरणचं परिमंडल कार्यालय नाशिकरोडला बिटकोजवळ विद्युत भवनात आहे. पोच घ्यायला विसरू नका.
५. निवड बहुधा गुणांच्या यादीवरून होते. यादी लागली की ठरलेल्या तारखेलाच हजर व्हा. एक दिवस उशीर झाला तर जागा पुढच्याला जाते.
६. करार झाल्यावर त्याचा नोंदणी क्रमांक लिहून ठेवा. तो नसेल तर वर्षभराची मेहनत कागदावर येत नाही.

त्या वर्षात रोज एक पान लिहा: आज कोणता फीडर बंद झाला, का झाला, कुणी कसा शोधला. ज्येष्ठ वायरमन आवाजावरून सांगतो की डीपीतला कुठला फ्यूज सैल आहे. असलं ज्ञान पुस्तकात सापडत नाही. चहाच्या वेळी त्याच्या शेजारी बसा आणि विचारा. आपल्याकडे शिकवायला तयार असलेले हात भरपूर आहेत, विचारणारे कमी आहेत.

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात आयटीआय आणि पदविकाधारकांना दरमहा ८,००० रुपये ठरले होते. अनुभव म्हणून अशी संधी चांगली, पण शिकाऊ उमेदवारीच्या प्रमाणपत्राची जागा ती घेत नाही, एवढं लक्षात असू द्या.

पायरी ५ : जाहिरात वाचायला आणि परीक्षा द्यायला शिका

जाहिरात म्हणजे मोबाइलवर फिरणारं रंगीत चित्र नव्हे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असलेली, जाहिरात क्रमांक लिहिलेली पीडीएफ तेवढी खरी. ती छापून घ्या, पेन्सिल हातात धरा आणि पाच गोष्टींखाली रेघ ओढा: ट्रेड, वय, आरक्षण, कागदपत्रांची तारीख आणि अर्जाची शेवटची तारीख.

नमुना म्हणून महावितरणची २०२३ ची विद्युत सहाय्यकाची जाहिरात घेऊ. जागा ५,३४७ होत्या. वयाची अट १८ ते २७, मागासवर्गीयांना पाच वर्षांची सवलत. पहिली तीन वर्षं कंत्राटी आणि मानधन ठरलेलं: पहिल्या वर्षी महिना १५,००० रुपये, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,०००. तीन वर्षांचं काम समाधानकारक ठरलं की तंत्रज्ञ म्हणून नियमित होण्याची वाट. पुढच्या जाहिरातीत आकडे बदलतील, मांडणी साधारण हीच राहील.

परीक्षेचा ढाचा मुद्दाम सांगतो, कारण अभ्यासाची दिशा त्यावरून ठरते. एकूण गुण १५०. त्यातले ११० फक्त ट्रेडच्या ज्ञानाचे. तर्कक्षमतेला २०, अंकगणिताला १० आणि मराठीला १०. क्लासवाले बुद्धिमत्तेच्या कोड्यांत महिने घालवतात आणि ओहमचा नियम, अर्थिंग, ट्रान्सफॉर्मर, मोटर यांना शेवटचा आठवडा उरतो. तुम्ही उलट करा. आयटीआयची 'निमी'ची पुस्तकं बाहेर काढा आणि प्रत्येक धड्याखालचे प्रश्न सोडवा. रोजच्या तीन तासांतले दोन ट्रेडला द्या, एक बाकी सगळ्याला. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात, म्हणून अंदाजाने खुणा करत सुटू नका.

याच पायरीवर सावध राहायची गोष्ट आहे. आमच्या ओळखीच्या एका घराने गाय विकून एका एजंटाला पैसे दिले. त्याने शिक्का मारलेलं नेमणूकपत्र आणून दिलं. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून त्या पत्रावरच्या पत्त्यावर गेला, तेव्हा असं पद आणि असं पत्र अस्तित्वातच नसल्याचं त्याला तिथे कळलं. तो कितीतरी महिने कुणाशी बोलला नाही. मुलाखतीआधी नेमणूकपत्र, खासगी ईमेलवरून आलेला निरोप, वैयक्तिक खात्यावर 'सुरक्षा ठेव' अशी मागणी, यातलं एक जरी दिसलं तरी ती फसवणूक समजा. घरी सांगा, सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करा. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी.

पायरी ६ : कंत्राटी काम घेताना

भरतीची वाट बघत घरी बसणं अनेकांना परवडत नाही. वीजकेंद्रात कोळसा हाताळणी, राख काढणं, वार्षिक दुरुस्ती ही बरीच कामं कंत्राटदारांमार्फत चालतात. उपकेंद्रं, वाहिन्यांची देखभाल आणि गॅस पाइपलाइनमध्येही तसंच आहे. हे काम जरूर घ्या, पण डोळे उघडे ठेवून. रुजू होताना या गोष्टी मागा:

- तुमच्या नावाचं हजेरी कार्ड आणि गेटपास
- भविष्य निर्वाह निधीचा बारा अंकी यूएएन क्रमांक
- कामगार विमा लागू असेल तर त्याचा क्रमांक
- पगार बँकेत आणि पगारपत्रक हातात
- हेल्मेट, सेफ्टी शूज आणि कामाप्रमाणे हातमोजे किंवा कमरेचा पट्टा

यूएएन मिळाल्यावर तीन महिन्यांनी पासबुक स्वतः उघडून बघा. पगारातून पैसे कापले जातात आणि खात्यात मात्र भरलेच जात नाहीत, असं होऊ शकतं. वेळीच बघितलं तर वेळीच विचारता येतं. आणि काम सोडताना अनुभवाचं पत्र घेतल्याशिवाय निघू नका.

पायरी ७ : छतावरचं काम शिका

सौर कामात सध्या दार उघडं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावरच्या तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे नाशिकच्या कॉलन्यांत पॅनेलं चढताना दिसतात. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली. तिचा पहिला, तीन मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला. धुळे जिल्ह्यात साक्रीला तर महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प दशकाहून अधिक काळ उभा आहे.

सुरुवात अशी करा. महावितरणकडे नोंद असलेल्या दोन-तीन स्थानिक सौर ठेकेदारांना भेटा आणि टीममध्ये मदतनीस म्हणून घ्यायला सांगा. तिथे चार गोष्टी पक्क्या शिका: स्ट्रक्चरचे नट ठरलेल्या जोराने आवळणं, डीसी केबलचा एमसी-४ कनेक्टर क्रिंप करणं, मेगरने इन्सुलेशन मोजणं आणि डीसी, एसी व वीजरोधक यांची वेगवेगळी अर्थिंग करणं. यातल्या क्रिंपिंगला कमी लेखू नका. सैल राहिलेला कनेक्टर भर उन्हात तापतो, वितळतो आणि आग लावतो. डीसीची ठिणगी एसीसारखी सहज विझत नाही. सूर्य वर असेपर्यंत पॅनेल बंद करायचं बटण नाही, हे वाक्य मनावर कोरून ठेवा.

पुढे स्वतःची कामं घ्यायची असतील तर विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडून तारतंत्रीचा परवाना आणि मग पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र मिळवा. आजचा मदतनीस पाच वर्षांनी ठेकेदार होऊ शकतो, असं या क्षेत्रात खरोखर घडतं.

पायरी ८ : खाणीची वाट धरायची असेल तर

नाशिकच्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे, कोळसा नाही. इथे खाण म्हणजे दगडाची खाण आणि खडी क्रशर. सारूळकडे गेलात तर धुळीचा पांढरा थर झाडांवर बसलेला दिसतो. तिथे काम पटकन मिळतं, पण मास्क आणि पाणी मारण्याची सोय नसेल तर ती धूळ फुप्फुसात कायमची राहते. सुरुंगाच्या कामाला तर ब्लास्टरचं प्रमाणपत्र असल्याशिवाय हात लावू नका.

खऱ्या अर्थाने खाणीत जायचं तर सेवाग्राम एक्स्प्रेसने नागपूर गाठायचं. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय तिथे आहे आणि खाणी नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांत. मँगनीज काढणाऱ्या मॉइलचंही मुख्यालय नागपूरलाच आहे, तिच्या खाणी नागपूर-भंडाऱ्यापासून मध्य प्रदेशातल्या बालाघाटपर्यंत आहेत. या दोन्ही सरकारी कंपन्या आहेत. आयटीआयवाल्याला इथेही पहिलं दार शिकाऊ उमेदवारीचंच: वीजतंत्री, जोडारी, संधाता. गाडीवर हात बसलेला असेल तर जड वाहनाचा परवाना काढून डंपरच्या दिशेने जाता येतं. उघड्या कोळसा खाणीत कोळशावरची माती काढण्याच्या कामाला 'ओबी' म्हणतात आणि ते बरंचसं खासगी कंत्राटांवर चालतं.

वर चढायचं असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची प्रमाणपत्रं मिळवावी लागतात. कोळशात मायनिंग सरदार आणि ओव्हरमन, धातूच्या खाणीत माइन मेट आणि फोरमन. त्यासाठी खाणीतला प्रत्यक्ष अनुभव, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि वैद्यकीय तपासणी लागते. खाणीत उतरण्याआधी नवख्याचं प्रशिक्षण आणि छातीच्या एक्स-रेसह वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी. एक्स-रेचा अहवाल मागून घ्या आणि घरी जपून ठेवा. वीस वर्षांनी छातीचा त्रास निघाला तर आत शिरताना तुम्ही धडधाकट होता, याचा तोच पुरावा.

आणि अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत खाणीचं नावही काढू नका. कायद्यानेच त्याला मनाई आहे. घरची ओढ कितीही असली तरी वय वाढवून सांगणाऱ्या मुकादमाच्या नादी लागू नका.

पायरी ९ : पहिल्या दिवशी

गेटपास मिळाला. नवे बूट अजून पायाला बोचत आहेत. या दिवशी एक काम पक्कं शिकून घ्या, कारण बाकी सगळं नंतर शिकता येतं. बंद केलेल्या वाहिनीवर काम करायची रीत अशी आहे:

१. उपकेंद्राच्या ऑपरेटरकडून लेखी परमिट घ्या. "बंद केलंय रे" एवढ्या फोनवर खांबाला हात लावायचा नाही.
२. योग्य फीडर, योग्य खांब हाच आहे याची खात्री करा. एकाच खांबावरून दोन वाहिन्या जात असतील तर दोन्हींची चौकशी करा.
३. टेस्टरने वीज नाही हे तपासा. त्याआधी तो टेस्टर चालू आहे का, हे वीज असलेल्या ठिकाणी तपासून घ्या.
४. डिस्चार्ज रॉड लावा. आधी जमिनीकडचं टोक अर्थला पक्कं बांधा, मग दांडा वाहिनीला टेकवा. काढताना उलट: आधी वाहिनीवरून, शेवटी अर्थवरून.
५. पट्टा बांधूनच चढा.
६. काम संपल्यावर माणसं मोजा, हत्यारं मोजा, रॉड काढा आणि परमिट घेतलं त्याच माणसाने ते परत करायचं.

फीडर बंद असताना रॉड कशाला, असं नव्या मुलाला वाटतं. कारण कुणाच्या तरी दुकानातला जनरेटर किंवा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर खालून वीज उलटी वर पाठवू शकतो. ती डीपीतून चढताना अनेक पटींनी वाढते, आणि खांबावरच्या माणसाला तिची काहीच चाहूल लागत नाही. रॉड लावलेला असेल तर ती वीज माणसाला सोडून जमिनीत जाते.

घाई करणारा साहेब भेटेल, "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणणारा जोडीदार भेटेल, अंधारात बसलेले गावकरी आरडाओरडा करतील. तरीही परमिट आणि रॉड यांशिवाय वर चढायचं नाही. नव्या माणसाला "नाही" म्हणणं अवघड असतं, म्हणून ते आजच घरी म्हणून बघा.

आमच्या ओट्यावर "चिकटायचं कसं?" असं विचारणाऱ्या मुलाला मी हल्ली फाइल उघडण्याआधी एकच विचारतो: रॉडचं कुठलं टोक आधी लावायचं? उत्तर आलं की मग आम्ही कागद मांडायला बसतो. कारण ज्या पगारासाठी ही सगळी धडपड आहे, तो घेऊन संध्याकाळी त्याने घरी परत यायचं आहे.